निशाच्या मामांचा फ्लेक्स

१ फेब्रुवारी

आज क्लास सुरू झाला. गेटवर बोर्ड लागला. वर 'लेखी इंग्रजी वर्ग', खाली माझं नाव, आणि त्याच्याखाली एम. ए. प्रितम म्हणाला, "एम. ए. अजून मोठं करायचं होतंस, कंटेनरवाल्यांनाही दिसलं असतं." माझी चेष्टा केल्याशिवाय या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. पण काल्हेरमध्ये गोडाऊनसाठी गाळा मागायला रोज कोणीतरी दारात उभं असतं, आणि तरी त्याने आमचा खालचा गाळा बायकोच्या क्लासला दिला. हे मी विसरणार नाही.

गाळ्यात ताडपत्रीखाली एक मोटरसायकल पडून होती. सासूबाईंच्या भावाचा मुलगा विपुल, त्याची. तो इथे गोडाऊनमध्ये कामाला होता आणि आमच्याच घरी राहायचा. माझ्या लग्नाआधी काही महिने हायवेवर अपघातात गेला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. गाडीची चाकं बसलीत, सुरू होत नाही, म्हणून मी ती मागे पाण्याच्या टाकीजवळ ठेवायला लावली.  संध्याकाळी बघते तर आई, म्हणजे सासूबाई, टाकीजवळ उभ्या राहून गाडी पुसत होत्या. धूळ म्हणून त्यांना खपत नाही.

विद्यार्थी सहा आले. सगळे गोडाऊनमधले, कोणी डिस्पॅचला, कोणी सुपरवायझर. मेल लिहिताना हात थरथरतो म्हणून आलेले. मी त्यांना म्हटलं, हात थरथरू द्या, पण अ‍ॅपॉस्ट्रॉफी जागेवर पाहिजे.

४ फेब्रुवारी

अ‍ॅपॉस्ट्रॉफीचा धडा. मी सोपी युक्ती दिली: मराठीत चा, ची, चे आलं की इंग्रजीत एसच्या आधी ती वरची शेपटी. नुसतं अनेकवचन असेल तर शेपटी नाही. भिवंडीतल्या निम्म्या दुकानांनी अनेकवचनाला शेपट्या लावून ठेवल्या आहेत. साड्यांना शेपटी, ज्यूसला शेपटी, मोबाईल्सना शेपटी. आणि जिथे खरी मालकी आहे तिथे मात्र पाटी कोरडी.

दुसरं काम सांगितलं. शब्दातलं अक्षर गाळलं की त्या गाळलेल्या अक्षराची जागा ती शेपटी राखते. भाविक म्हणून एक सुपरवायझर आहे, दोन मुलांचा बाप. तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, सुट्टीवर गेलेल्याचा लॉकर दुसऱ्याला द्यायचा नाही, तसं." सगळे हसले. मीही हसले. हुशार आहे हा.

मी रोज व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला एक चुकीची पाटी टाकते, वर लाल गोल काढून. आजची काल्हेर नाक्यावरच्या केकवाल्याची होती. खूप जणांनी हसण्याची चिन्हं पाठवली. प्रितम म्हणाला, "उद्या त्याच्याकडे केक घ्यायला मी जाणार नाही, तू जा." त्याला काय कळतंय. ठाण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला सरांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता, चुकांसकट, आणि प्रत्येक चुकीला थांबून. मराठी शाळेतून आलेली मी एकटीच होते. मी खाली मान घालून बेंचवरचं कोरलेलं नाव वाचत बसले होते. त्या दिवशी ठरवलं की पुन्हा माझ्या आसपास इंग्रजीची चूक राहू द्यायची नाही.

११ फेब्रुवारी

घरात लग्नाची धांदल. निशाची हळद एकवीसला, लग्न बावीसला. निशा म्हणजे माझी नणंद, प्रितमची धाकटी बहीण. सासरे नाहीत, त्यामुळे सगळं हिरामणमामांच्या शब्दावर चाललंय. मामा म्हणजे आईंचे एकुलते एक भाऊ. गणेशपुरीकडे त्यांची भातशेती आहे.

आज मामा आले. एसटीने भिवंडी, तिथून रिक्षा. खांद्यावर लांबलचक गुंडाळी. मला वाटलं चटई आणली. ती उलगडली तर फ्लेक्स! आईंना म्हणाले, "कमळ, यो बघ. अंबाडी नाक्याला छापलाय. गेटवं लावतो."

वर निशाचा मोठा फोटो, खाली गोलागोलांत चेहरे: मामा, गुणामामी, भाऊबंद, आणि उजव्या कोपऱ्यात काळा गॉगल लावून हसणारा एक तरुण. खाली मराठीत नाव, विपुल. आणि वर लालभडक इंग्रजी अक्षरांत शुभेच्छा. विशेसमध्ये एसच्या आधी शेपटी टोचलेली. निशाज मामाज फॅमिली, तिथे दोन शेपट्या हव्यात तर एकही नाही. फॅमिलीत एल दोन.

मामांनी माझ्याकडे बघून पान खाल्लेले दात दाखवले. "सूनबाय, इंग्रजीत केलाय. दुकानवाला बोलला मराठीत बरा दिसंल. मी बोललो न्हाय, तिथं आमची सून मास्तरीण हाय, तिला बरा वाटला पायजे."

मी म्हटलं, "छान झालाय मामा."

मग त्यांनी स्वतः तारा आवळून तो गेटच्या कमानीवर लावला. बरोबर माझ्या क्लासच्या बोर्डाखाली.

१२ फेब्रुवारी

सकाळी खिडकीतून पाहिलं. निशा एकटीच फ्लेक्ससमोर उभी. मोबाईल काढून फोटो घेत होती. पूर्ण फ्लेक्सचा नव्हे, नुसत्या उजव्या कोपऱ्याचा. फॅमिलीचे ते दोन एल त्याच बाजूला आहेत. दोनदा फोटो काढला, मग ओढणीने तोंड झाकून आत आली. मला तिची दया आली. तिची होणारी नणंद कॉन्व्हेंटमध्ये शिकवते, हळदीला येणार आहे. पोरीला काय वाटत असेल!

मी तिला विचारलं, "फ्लेक्स बघून वाईट वाटतंय का गं?" तिचे डोळे भरले. म्हणाली, "वहिनी, तुम्हालापण कळलं?" मी म्हटलं, "मला नाही कळणार तर कोणाला?" ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नणंद अशी जवळ आली. मी मनात म्हटलं, तुझ्यासाठी एवढं मी करीनच.

१६ फेब्रुवारी

भाविकने आज फळ्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "मॅडम, ते गेटवरचं बरोबर आहे ना? आपल्याच क्लासच्या बोर्डाखाली आहे म्हणून विचारलं." चेष्टा नव्हती, त्याला खरंच शिकायचं आहे. पण माझे कान तापले. मी म्हटलं, "ते पाहुण्यांनी लावलंय." मामा पाहुणे! तोंडातून गेलं ते गेलं. मग धड्यात मन लागलं नाही.

दोन नवीन जण चौकशीला आले होते. गेटवर थांबून वर बघत होते. आत आलेच नाहीत.

१८ फेब्रुवारी

निजामपुऱ्यात कुमारच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. गल्लीत पॉवरलूमचा एवढा खडखडाट की बोलणं म्हणजे भांडणच. माझ्या क्लासचा बोर्ड त्यानेच केला होता. मोबाईलमधला फोटो दाखवला आणि म्हटलं, "असाच्या असा करायचा, फक्त वरचं इंग्रजी मी सांगते तसं." तो म्हणाला, "वहिनी, कमाल आहे, तुम्ही पाहुण्यांचा फ्लेक्स पण चेक करता?" मी हसले. गर्वाने हसले, खोटं कशाला लिहू.

तो कॉम्प्युटरवर एकेक चेहरा कापून नवीन गोलात बसवत होता. उजव्या कोपऱ्यावर आला. "हा भाऊ ठेवायचा ना?"

मी म्हटलं, "तो वारलाय."

"मग फोटोला हार टाकू?"

"लग्नाच्या फ्लेक्सवर हार? आणि वारलेला माणूस शुभेच्छा कसा देईल? अंबाडीच्या दुकानदाराने मिळाला तो फोटो चिकटवला असणार. काढून टाक. बाकीचे जरा मोठे कर म्हणजे जागा भरेल."

कुमारने माझ्याकडे पाहिलं. "घरात विचारलंय ना वहिनी?"

"मी घरातलीच आहे," मी म्हटलं.

मग त्याने काढला.

२१ फेब्रुवारी, सकाळ

सगळे मांडवात असताना कुमारच्या माणसाने पाच मिनिटांत फ्लेक्स बदलला. जुना मी त्यालाच दिला, काहीतरी झाकायला होईल म्हणून. नवा काय देखणा दिसतोय! शेपट्या जागच्या जागी, फॅमिलीला एकच एल. निशा आत मेंदी सांभाळत बसली आहे, आज ती बाहेर येणार नाही. संध्याकाळी तिची नणंद आली की आपोआप कळेल तिला. कोणाला सांगितलेलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं.

२३ फेब्रुवारी

लग्न झालं. परवाची सकाळची नोंद आत्ता वाचली आणि वही मिटून ठेवावीशी वाटली. पण लिहिते. जसं झालं तसंच लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

हळदीला मामा गावच्या माणसांसह टेम्पोने आले. मागच्या बाजूने, मांडवाच्या तोंडाशीच उतरले, त्यामुळे गेट पाहिलं नाही. सनई, डीजे, बायकांची गाणी, सगळा जोर. सासरे नाहीत म्हणून पहिली हळद मामांनी लावायची ठरलं होतं. मामांनी निशाच्या पायाला, हाताला, गालाला हळद लावली. मग निशाने स्वतःच्या गालावरची थोडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "मामा, आता त्याला." आणि रडायला लागली.

मामा उठले. हात पुढे धरून, सांडू नये म्हणून दुसरा हात खाली धरून, मांडवातून गेटकडे चालत निघाले. गुणामामी मागे. बायकाही मागे. डीजेवाल्याला कोणीतरी हात केला, तो थांबला. मला वाटलं देवाला चाललेत. मीही गेले. आपला फ्लेक्स सगळ्यांना दिसेल, हासुद्धा विचार मनात होता. हे लिहायला हवंच.

मामा फ्लेक्ससमोर उभे राहिले. हळदीचा हात उजव्या कोपऱ्याकडे वर नेला. तिथे एका चुलत्याचा मोठा चेहरा. मामांचा हात तसाच वर राहिला. मग डाव्या कोपऱ्याकडे बघितलं, मधे बघितलं, पुन्हा उजवीकडे. मामांना वाचता येत नाही, सही तेवढी येते. वरच्या अक्षरांकडे त्यांची नजर गेलीसुद्धा नाही. ते चेहरे शोधत होते.

"प्रितम," मामा म्हणाले, "माझा पोर कुठं गेला?"

 मग गुणामामी कोणाकडे न बघता म्हणाल्या, "बिनालग्नाचा गेला रं. हळद न्हाय लागली त्याला. निशा बोलली, मामी, माझे हळदीतली लावा त्याला. म्हून त्याचा फोटू घातला व्हता."

प्रितमने इकडेतिकडे पाहिलं. "हा आपला फ्लेक्स नाही. बदलला कोणी?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोललेच. मी म्हणाले, "जुना फाटला होता. मी कुमारला दुसरा करायला सांगितला. त्याच्याकडून चूक झाली असेल."

इतकं सरळ, इतकं पटकन. वर्गात व्याकरण सांगते तसं.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां. चूक व्हतं. मानूस हाय." हळदीचा हात त्यांनी मुठीत मिटला आणि मांडवात येऊन खुर्चीवर बसले. प्रितम तीनदा म्हणाला, मामा हात धुवा, पानं वाढलीत. "बसतो रं," म्हणत राहिले. शेवटपर्यंत हात धुतला नाही, त्यामुळे जेवलेही नाहीत. निशाची ती कॉन्व्हेंटवाली नणंद माझ्याजवळ येऊन म्हणाली, तुमच्या फ्लेक्सचं इंग्रजी खूप छान आहे. मी थँक्यू म्हटलं.

काल सकाळी लग्नाआधी आईंनी कुमारला मांडवात बोलावलं आणि सगळ्यांसमोर झापलं. "डोळे फुटले व्हते काय तुझे? मेलेल्या पोराचा चेहरा खाल्लास?" असं काय काय. मी ताटांच्या मागे उभी. कुमारने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलणार.  तो म्हणाला, "चुकलं काकी. माझंच चुकलं." पाहुण्यांमध्ये कोणी म्हणालं, असल्या दुकानदाराला कामच देऊ नये. मी ताटं पुसत राहिले. नंतर पाहिलं तर आई त्याला कोठीघरात बसवून स्वतःच्या हाताने जिलेबी वाढत होत्या, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. इतकं झापून परत जिलेबी. आईंच्या रागाचं काही कळत नाही.

मामांनीच निशाला मांडवात आणलं. मंगलाष्टकं चालू असताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तळहात पिवळाच होता.

२४ फेब्रुवारी

आज दिवसभर स्वतःशी वाद घातला. मुद्दाम केलं का? नाही. वाईट हेतू होता का? नाही. शुभकार्यात गेलेल्याचा फोटो नको, असं पुष्कळ लोक मानतात. हे सगळं खरं आहे. पण मग मी कुमारचं नाव का घेतलं? याचं उत्तर काढायला बसले की मला त्या सरांचा वर्ग आठवतो. चूक आपली आहे हे चारचौघांत कळण्याची मला इतकी भीती आहे की मी दुसऱ्याला बेंचवर उभं केलं.

क्लासला भाविक म्हणाला, "मॅडम, गेटवरचं आता एकदम करेक्ट झालं." मी तब्येतीचं कारण सांगून सगळ्यांना घरी पाठवलं. मग स्टूल घेऊन गेले आणि तो करेक्ट फ्लेक्स स्वतः काढला. तारेने बोट कापलं. कोणी विचारलं नाही का काढला. आईंनी हळद आणून बोटावर दाबली. त्यांच्याकडे मला बघवेना.

स्टेटसवरचे सगळे लाल गोल पुसून टाकले. केकवाल्याकडे जाऊन केक घेतला. तो गोड बोलला, त्याला काही माहीत नव्हतं किंवा सगळं माहीत होतं.

२५ फेब्रुवारी

निशा माहेरी आली. खूश आहे, सासरची माणसं चांगली आहेत. मोबाईल चहाच्या कपाशेजारी ठेवला होता, कोणाचा तरी फोन आला आणि पडदा उजळला. पडद्यावर फ्लेक्सचा उजवा कोपरा. काळा गॉगल, हसू. इंग्रजीचा एकही शब्द त्या फोटोत नव्हता.

ती म्हणाली, "त्याचा दुसरा चांगला फोटोच नाहीये वहिनी. मामांनी कुठून शोधला देव जाणे. मला गाडी शिकवली ती त्यानेच. म्हणायचा, तुझ्या हळदीला मी इतका नाचेन की मांडव पडेल." मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, वाईट वाटतंय का म्हणून. मला वाटलं, या घरात निदान वहिनीला तरी कळलं."

ती आत गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. तिला सांगायची हिंमत झाली नाही. आधी मामांना सांगायचं, मग बाकीच्यांना, असं ठरवलं. हेही कदाचित पळणंच असेल. पण उद्या जाते.

२६ फेब्रुवारी

प्रितमला सांगितलं भिवंडीला पुस्तकं आणायला जाते. पुन्हा खोटं. एसटीने गणेशपुरी, तिथून चालत. मामा शेताच्या बांधावर होते, मला एकटीला बघून घाबरले. "कमळ बरी हाय ना?" पहिला प्रश्न तो.

घरात गेले तर पडवीच्या आतल्या भिंतीवर तो फ्लेक्स. जुना. घड्यांच्या रेघा पडलेल्या. उजव्या कोपऱ्यात विपुल. वरच्या चुका जशाच्या तशा. मला त्या चुका आधी दिसल्या आणि त्यांच्यानंतर तो. एवढं सगळं होऊनसुद्धा! स्वतःची इतकी लाज मला हळदीच्या दिवशीही वाटली नव्हती.

मी उभ्याउभ्याच बोलले. कुमारने काढला नव्हता, मी काढायला लावला, इंग्रजी चुकलं होतं म्हणून फ्लेक्स बदलला, फाटला वगैरे काही नव्हता.  म्हटलं, "मामा, मी खोटं बोलले. त्या बिचाऱ्याला माझ्यामुळे बोलणी खावी लागली."

 गुणामामींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "म्हायती हाय," त्या म्हणाल्या.

"काय माहिती आहे?"

"सगला. हळदीचे दिशीच वन्संनी, तुझे सासूनं, कुमारला फोन केला. त्यानी सांगला. वन्सं तापल्या, बोलल्या आताच सूनला इचारतो. तं यांनी थांबवला." मामींनी मामांकडे हनुवटी केली.

मामा खाली बघत म्हणाले, "लगीन घरात. चार मानसांत घरचे सूनचा नाव नको. मी बोललो, कमळ, कुमारला बोलीव, त्याला इचार, ऐकून घेशील का आमचेसाठी. तो बोलला घेईन, पर कापड माझेकडं हाय, यो घिऊन जा."

म्हणजे ते झापणं. म्हणजे ती जिलेबी. आई मांडवात ओरडत होत्या तेव्हा ताटांमागे मी लपून उभी होते, हे त्यांना माहीत होतं. कुमारने माझ्याकडे पाहिलं ते मला सावरायला. आणि परवा माझ्या बोटावर हळद दाबली तेव्हाही आईंना माहीत होतं. सगळ्यांनी मिळून माझी चूक झाकली, ज्याच्या मुलाचा चेहरा मी काढला त्याच्या सांगण्यावरून. आणि मी लोकांच्या पाट्यांवर लाल गोल काढत फिरत होते.

मी खाली बसले. पाया पडायला वाकले तर मामांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "ते नको. रडू पन नको. इंग्रजी आमालाच न्हाय येत, तू काय करशील."



मामींनी आत जाऊन वाटीत हळद कालवून आणली. निशाच्या हळदीतली पुडीत बांधून ठेवली होती म्हणे, वाळलेली, तीच तेलात भिजवली. वाटी माझ्या हातात दिली.

"यांनी न्हाय लावली अजून. मीबी न्हाय. बापानं लावायची ती येगळी, पर दीराला वैनीनं लावाची अस्ते. तूच एक वैनी त्याला. लाव."

मी म्हटलं, "मामी, मी कशी?"

"तूच."

मी स्टुलावर चढले. प्लॅस्टिकवर हळद धरत नाही, ओघळते. एक बोट लावलं आणि हात मागे घेतला. खालून मामी म्हणाल्या, "आसा काय चोरल्यासारका? हळदीला हात आखडता घेव न्हाय. भर." मग मी दोन्ही हातांनी लावली. गालाला, कपाळाला, गॉगलवर. हनुवटीवरून ओघळली ती परत वर घेतली. मागे मामी बारीक आवाजात हळदीचं गाणं म्हणायला लागल्या. मामा उठून बाहेर गेले.

परतीच्या एसटीत जागा मिळाली. हात धुतले होते तरी नखं आणि तळवे पिवळेधमक. शेजारी वज्रेश्वरीहून चढलेली एक म्हातारी होती, मांडीवर भाजीची पाटी. माझे हात बघून खुलली. "हळद व्हती का गो? कोनाची?"

"दिराची," मी म्हटलं.

"बरा झाला. लगीन कदी?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं.